28 दिवसाला पक्षी 950 ग्रॅम आणि लंगडतायत, मिनरल कमी पडतंय की एन्झाइम?

सिन्नर_शेडवाला
नमस्कार मंडळी. सिन्नरजवळ 3000 ब्रॉयलर पक्ष्यांचं शेड आहे माझं. चार वर्षं कंपनीकडून ग्रोइंग चार्जवर, म्हणजे किलोमागे ठरलेल्या पैशावर केलं पण दिवाळीपासून स्वतःचं चालू केलंय, मका घरचाच आहे आणि किलोमागे जे हातात पडायचं त्यात काही भागत नव्हतं. पहिल्या दोन बॅच तयार खाद्यावर काढल्या, चांगल्या गेल्या. या बॅचला म्हटलं प्री-स्टार्टर, म्हणजे पहिल्या दिवसांचं खाद्य, तेवढं बाहेरचं घेऊ आणि 12 व्या दिवसापासून घरचं खाद्य देऊ, भरडायचं मशीन चुलतभावाकडे आहे.

आज 28 वा दिवस, 40 पक्षी तोलले तर सरासरी 950 भरली. मागच्या बॅचला याच दिवशी 1350 होते. पिसं धड आलेली नाहीत, पाठी उघड्या दिसतात, आणि शंभरात सात-आठ पक्षी लंगडतायत, बसत बसत ड्रिंकरपर्यंत जातात. मर मात्र जास्त नाही, खाली पसरलेली तुसाची गादी पण कोरडी आहे.

1 टनाला असं टाकतोय: मका 590, सोया डीओसी (तेल काढलेली पेंड) 330, तेल 25, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) 12 किलो, मार्बल पावडर 24 किलो, मीठ 3, मिथिओनिन आणि लायसिन दोन दोन किलो, व्हिटॅमिन-मिनरलचं प्रीमिक्स पावणेतीन किलो आणि फायटेज नावाचं एन्झाइम 100 ग्रॅम. आता दुकानदार म्हणतो व्हिटॅमिन कमी पडतंय, चुलतभाऊ म्हणतो अजून कॅल्शियम दे, आणि एक औषधवाला एन्झाइमचा डबा गळ्यात मारायला बघतोय. नक्की कमी काय पडतंय ते सांगा राव.

ओझरचा_भाऊ
टेन्शन नको घेऊ, सकाळी लिव्हर टॉनिक, दुपारी लिक्विड कॅल्शियम, संध्याकाळी मल्टीव्हिटॅमिन, पाच दिवस चालू ठेव. मी प्रत्येक बॅचला करतो, पक्षी उड्या मारतात.

फीडमिल_वाला
ओझरच्या भाऊंचा सल्ला प्रेमाचा आहे पण लिक्विड कॅल्शियम आज बिलकुल देऊ नका, सांगतो का ते. मी बारा वर्षं फीड मिलवर आहे, हे गणित रोजचं.

डीसीपीत साधारण 18 टक्के फॉस्फरस आणि 23 टक्के कॅल्शियम असतं, मार्बल पावडर चांगली असली तर 38 टक्के कॅल्शियम. तुमचे 24 किलो म्हणजे 9 किलोच्या वर कॅल्शियम एकट्या पावडरमधून, डीसीपीचे पावणेतीन, सोयाचं एक, झाले जवळपास 13 किलो, म्हणजे 1.3 टक्के. या वयाच्या ब्रॉयलरला 0.9 च्या आसपास पुरतं. उलट उपलब्ध फॉस्फरस तुमचा 0.33 वर आलाय, तो 0.42 ते 0.45 पाहिजे. दोघांचं नातं दोनास एक असं ठेवायचं असतं, तुमचं चारास एक झालंय. जास्तीचं कॅल्शियम आतड्यात फॉस्फरसला धरून बसतं आणि दोघं मिळून विष्ठेत जातात. तुमचं कोंबडखत नेणारा द्राक्षबागवाला खूश होईल, पक्ष्याच्या हाडाला काही मिळत नाही. पिसांचं पण तेच, कॅल्शियम फार झालं की झिंक आणि मँगेनीज नीट शोषलं जात नाही.

आता मला हे सांगा, 12 किलो डीसीपी कोणी सांगितलं आणि फायटेज मिसळता कसं?

सिन्नर_शेडवाला
फायटेज देणाऱ्यानेच सांगितलं की हे टाकलं की डीसीपी 18 वरून 12 वर आणा, पैसे वाचतात. आणि मार्बल पावडर आधी 12 च होती, 20 व्या दिवशी पहिले काही पक्षी लंगडताना दिसले तेव्हा मीच डबल केली. पाय म्हणजे हाड आणि हाड म्हणजे कॅल्शियम असं वाटलं. मिसळायला मशीन नाही, ओट्यावर ढीग करून फावड्याने तीनदा पालथा घालतो, फायटेज वरून भुरभुरतो.

फीडमिल_वाला
मग सापडलं की. फायटेजवाल्याने खोटं सांगितलं नाही. मका-सोयातला दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या रूपात कुलूपबंद असतो, कोंबडीच्या पोटात ते कुलूप उघडणारं एन्झाइम फारच थोडं तयार होतं, म्हणून बाहेरून फायटेज द्यायचं. 1991 पासून हे बाजारात आहे, आता जगभर वापरतात. ग्रॅमला 5000 युनिटचं असलं तर 100 ग्रॅमचा डोस पण बरोबर, किलोला 500 युनिट पडतात. पण 100 ग्रॅम वस्तू 1000 किलोत फावड्याने? एका पाटीत पाचपट आणि दुसऱ्या पाटीत शून्य. ज्या पक्ष्याच्या वाट्याला शून्य आलं त्याला डीसीपी पण कमी आणि फायटेज पण नाही. बरं, फायटेजचा हिशोब धरला की कॅल्शियमसुद्धा थोडं कमी करायचं असतं कारण फायटेट सुटताना तेही मोकळं होतं, तुम्ही डबल केलं, आणि वाढलेलं कॅल्शियम फायटेटला चिकटून बसलं की फायटेजचं काम अजून मंदावतं.

बारीक माल नेहमी पायऱ्यापायऱ्याने मिसळायचा. 100 ग्रॅम आधी 1 किलो मका भरड्यात, ते 10 किलोत, ते 50 किलोत आणि मग ढिगात. झाकणवाला जुना ड्रम आडवा टाकून फिरवलात तरी फावड्यापेक्षा बरं. आणि पावडर पांढरी दिसली म्हणून घेऊ नका, फरशीवाल्यांकडची काही पावडर डोलोमाइटची असते, त्यात मॅग्नेशियम जास्त, त्याने विष्ठा पातळ होते.

पशुवैद्य_नाशिक
हिशोब पटतो, पण फक्त कागदावर निदान नको. लंगडणं इन्फेक्शनने पण होतं. जो पक्षी अगदीच बसलाय असा एक कापून नडगीचं हाड मोकळं करा आणि वाकवून बघा. चांगलं हाड कट्‌ आवाज करून मोडतं, मुडदूस झालेलं रबरासारखं वाकतं. चोच पण दाबून बघा, मऊ लागते का. गुडघ्याजवळ हाड उभं चिरलं तर वाढीची पांढरी पट्टी रुंद झालेली दिसेल.

हाड कडक आहे पण घोट्याची शीर बाजूला सरकून एक पाय आडवा गेलाय, असं असेल तर मँगेनीज किंवा कोलीनकडे बघायचं. बोटं आत वळून पक्षी घोट्यावर चालत असेल तर बी2. मान मागे टाकून आकाशाकडे बघत बसला तर बी1. सगळ्याला आपण एकच 'पाय गेला' म्हणतो आणि एकच बाटली ओततो, तिथं गडबड होते. मांडीच्या हाडाचं डोकं कुजल्यासारखं निघालं किंवा सांध्यात पू दिसला तर हा विषय खाद्याचा नाही, मग मला फोटो टाका.

दिंडोरी_ताई
डॉक्टर म्हणतात ती बोटं वळलेली पिल्लं मी मागच्या वर्षी बघितलीयेत, शंभर-सव्वाशे होती, आम्हाला वाटलं काहीतरी लकव्याचा रोग आला आणि सासरे तर शेड बंद करा म्हणाले. निघालं काय तर प्रीमिक्सचं पोतं दीड वर्ष जुनं, पत्र्याखाली पडलेलं. पाण्यातून बी कॉम्प्लेक्स दिलं तर ज्यांना नुकतंच झालं होतं ती चार-पाच दिवसांत उभी राहिली, जुनी मात्र तशीच राहिली. सिन्नरवाले दादा, तुमचं प्रीमिक्स कधीचं आहे? पावणेतीन किलो कशाकशाचं मिळून?

सिन्नर_शेडवाला
ताई तुम्ही बरोबर नस पकडली वाटतं. व्हिटॅमिन, ट्रेस मिनरल, कोलीन क्लोराइड आणि थोडं मोरचूद असं सगळं फेब्रुवारीत एका ड्रममध्ये एकत्र करून ठेवलं, दरवेळी चार पुड्या मोजायचा कंटाळा. ड्रम शेडच्या टोकाला आहे, दुपारी हात लावला तर पोळतो. हल्ली माल थोडा ओलसर, गठ्ठे झालेला येतो.

पशुवैद्य_नाशिक
ओलसर येतो तो कोलीनमुळे, ते हवेतलं पाणी ओढतं. त्या ओलाव्यात मोरचुदातलं तांबं आणि मिनरलमधलं लोह व्हिटॅमिनांना खातात, वरून एप्रिलचं ऊन. ए, डी3, के आणि काही बी, यांची ताकद महिन्यागणिक उतरते. म्हणजे तुमच्याकडे फॉस्फरस कमी, कॅल्शियम जास्त, आणि दोघांना आतड्यातून उचलणारं डी3 पण अर्धमेलं. ड्रम टाकून द्या, मोह नको. व्हिटॅमिन वेगळं, मिनरल वेगळं, कोलीन खाद्य करताना थेट ढिगात.

गंमत बघा, कोंबडी आणि व्हिटॅमिनचा संबंध फार जुना. आइकमन नावाच्या डच डॉक्टरला जावा बेटावर 1890 च्या दशकात पॉलिश तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचेच पाय लुळे पडलेले दिसले, कोंडा दिल्यावर त्या बऱ्या झाल्या, आणि तिथून बी1 चा माग लागला. व्हिटॅमिन के तर डेन्मार्कमध्ये पिल्लांच्या रक्तस्रावातूनच सापडलं. अजूनही कॉक्सी (आतड्याचा कॉक्सिडिओसिस रोग) आली की के द्यायला सांगतो ते आतड्यातला रक्तस्राव आवरायला.

निफाड_थंडी
मध्येच विचारतो, अवकाळीत भिजलेला गहू आमच्याकडे स्वस्तात मिळतोय, मक्याच्या जागी टाकला तर कुठलं एन्झाइम लागेल?

फीडमिल_वाला
गव्हाला झायलनेज. गव्हात अरॅबिनोझायलन असतं, त्याने आतड्यातला माल चिकट होतो, पचन अडतं आणि विष्ठा चिकट पडून गादी ओली होते. झायलनेज तो चिकटपणा तोडतं. नुसत्या मका-सोयावर त्याचा फायदा थोडका दिसतो, गहू किंवा राइस ब्रान टाकणाऱ्याला जास्त. तुमचं खाद्य भरड्याचं आहे म्हणून अजून एक बरं, पेलेटच्या वाफेत 80-85 डिग्रीला साधं एन्झाइम मरतं, तिथं कोटिंगवालं लागतं. पण भिजलेल्या गव्हाला आधी बुरशी बघा भाऊ. अफ्लाटॉक्सिन असलं तर लिव्हर जातं, वाढ थांबते, आणि त्यावर कुठलंच एन्झाइम चालत नाही. वास आला की परत पाठवा.

सिन्नर_शेडवाला
सकाळी दोन पक्षी कापले. नडगी चक्क वाकली, कोवळ्या शेवग्याच्या शेंगेसारखी, आणि चोच मऊ. सांधे स्वच्छ, पू वगैरे काही नाही. शेजारच्या करारवाल्या शेडमधला एक मेलेला आणून त्याची मोडून बघितली तर कट्‌ आवाज आला. आता पुढचे 12-14 दिवस काय करू?

पशुवैद्य_नाशिक
मुडदूसच आहे. डीसीपी 18 वर घ्या, मार्बल पावडर 10 वर आणा, फायटेज चालू ठेवा पण या बॅचला त्याचा हिशोब धरू नका. नवीन खाद्य आजच करा, जुनं उरलेलं गाईला टाका असं म्हणणार होतो पण नको, त्यात मीठ-मिनरल कोंबडीच्या मापाचं आहे, खड्ड्यात टाका. डी3 असलेलं व्हिटॅमिन पाण्यातून पाच दिवस, संध्याकाळी, लेबलवरच्या डोसने. चमचाभर जास्त टाकला तर लवकर बरं होईल असं डी3 चं नसतं, जास्त झालं की मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं. त्या पाण्यात क्लोरीन टाकू नका, ते व्हिटॅमिन मारतं, आणि चार-पाच तासांत संपेल एवढंच पाणी भरा.

वाकलेले पाय सरळ होणार नाहीत. ते पक्षी वेगळे करा, खाद्य-पाणी हाताशी ठेवा, नाहीतर भुकेने मरतील. बाकीचे सावरतील, पण गेलेले 400 ग्रॅम सगळे परत येणार नाहीत.

ओझरचा_भाऊ
म्हणजे माझं लिक्विड कॅल्शियम पाच बॅच कशाला देत होतो मी?

फीडमिल_वाला
तुम्ही कंपनीचं तयार खाद्य देता, त्यात सगळं आधीच बसवलेलं असतं. पक्षी उड्या मारायचे ते त्या खाद्यावर, बाटलीचं बिल फक्त वेगळं.

सिन्नर_शेडवाला
अपडेट. आज 35 वा दिवस. सरासरी 1440, म्हणजे आठवड्यात 490 ची वाढ आली, आधीच्या आठवड्यात 300 पण नव्हती. नवीन लंगडा एकही नाही. 170 पक्षी बाजूला काढले होते, त्यातले 20 मेले, बाकीचे आठवडी बाजारात सुटे विकले, भाव काय मिळाला ते विचारू नका. डीसीपीचे सहा किलो वाचवून किती वाचले त्याचा हिशोब बायकोने काढून भिंतीवर लिहिलाय.

पुढच्या बॅचसाठी ताजं व्हिटॅमिन प्रीमिक्स घ्यायचंय पण मिळतं ते 25 किलोचं पोतं, टनाला लागतं अर्धा किलो. माझ्याच्याने वर्षभर संपणार नाही. कोणी वाटून घेणार का?

दिंडोरी_ताई
5 किलो माझे. बनवल्याची तारीख बघून घ्या आणि पोतं फोडल्यावर हवा काढून पॅक करा.

ओझरचा_भाऊ
मला पण 5, दोन बॅच घरचं खाद्य करून बघतो. सोमवारी नाशिकला द्वारका चौकात येतोय, तिथंच दे. आणि ड्रम तेवढा आणू नको.