घरघंटी कोणाची?

गुरुवार

६:१२ | गोखले काका, बी ४०३
सुप्रभात. गेले तीन दिवस पहाटे पावणेपाच ते पावणेसहा वरून सलग घरघर ऐकू येते. कोणी घरघंटी लावत असेल तर कृपया वेळ बदलावी. दळण अवश्य दळावे, परंतु त्या वेळी भाकरीची एवढी घाई कोणाला असते?

६:२० | वर्षाताई, बी ६०३
काका, घरघंटी आमच्याकडे आहे, पण मी दुपारी लावते. आणि आठ दिवस ती बंदच आहे. जाळी फाटलीये.

६:३१ | सेक्रेटरी
तक्रार नोंदवली. सोबत आठवण: पार्किंगमधल्या ११ बेवारस सायकलींवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. ३० तारखेपर्यंत मालक पुढे आले नाहीत तर भंगारवाल्याला देणार. पंपाजवळची निळी लेडीज सायकल कोणाची आहे? दोन्ही चाकं बसली आहेत.

६:३३ | मृणाल, बी ५०३
हा मेसेज डिलीट केला आहे.

६:४० | निखिल, बी ५०३
काका, सॉरी. घरघंटी नाही, मी आहे.

६:४१ | गोखले काका, बी ४०३
तू? तू काय दळतोस?

६:४४ | निखिल, बी ५०३
सायकल चालवतो काका. मागचं चाक एका स्टँडच्या रोलरवर टेकवायचं आणि जागच्या जागी पेडल मारायचं. ट्रेनर म्हणतात त्याला. बेडरूममध्ये पोरं झोपलेली असतात म्हणून हॉलमध्ये लावला. तुमची बेडरूम खाली येते हे डोक्यातच आलं नाही.

६:४६ | गोखले काका, बी ४०३
म्हणजे तासभर चालवून पोहोचतोस कुठे?

६:४६ | निखिल, बी ५०३
कुठेच नाही.

६:४९ | गोखले काका, बी ४०३
बरं. माणसाची तब्येत ठीक आहे एवढं कळलं, बाकी समजून घ्यायला वेळ लागेल.

७:०५ | शेखभाई, सी १०४
निखिल, आवाज हवेतून नाही, स्लॅबमधून जातोय. खाली जाड रबरी मॅट टाक. जिममध्ये वजनांखाली असते ना, ती. योगा मॅट नको, चार दिवसांत बसते. ट्रेनर हॉलच्या मधोमध ठेवू नकोस, कॉलमच्या कोपऱ्यात सरकव, तिथे स्लॅब कमी थरथरतो. आणि मोठा गिअर लावत असशील तर लहान लाव. चाक सावकाश फिरलं की रोलरचा आवाज अर्ध्यावर येतो.

७:११ | निखिल, बी ५०३
शेखभाई, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?

७:१४ | शेखभाई, सी १०४
अब्बांचं सायकलचं दुकान होतं नाना पेठेत. दुकानात भाड्याच्या चाळीस सायकली होत्या, तासावर. ट्रेनर तेव्हा नव्हता, पण थरथर तीच.

७:२९ | गोखले काका, बी ४०३
भाड्याच्या सायकली! मी भाड्याच्या सायकलीवरच शिकलो. सीटवर बसलं तर पाय पोचायचे नाहीत, म्हणून दांडीखालच्या त्रिकोणातून पाय घालून चालवायची. नोकरीला लागल्यावर स्वतःची घेतली. तेव्हाच्या पुण्यात सायकल म्हणजे छंद वगैरे काही नव्हतं. गिरणीत, शाळेत, लग्नाला, दवाखान्यात, सगळीकडे तीच. महापालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचे. डबलसीट दिसलो की दंड. आमच्या मोठीला मी दांडीवरच्या छोट्या सीटवर बसवून बालवाडीत सोडत असे, सौ. मागे कॅरिअरवर. कोपऱ्यावर पोलीस दिसला की सौ. उतरून चालायला लागे, पुढे गेलं की परत बसे. त्यामुळे ‘कुटुंब आणि सायकल यांचा मेळ’ असा काही प्रश्न आम्हाला पडला नाही. कुटुंबच सायकलवर होतं.

७:३३ | वर्षाताई, बी ६०३
काका, काकूंना विचारून लिहिलंत ना हे?

७:५२ | ओंकार, ए ३०५
निखिलदादा पण एवढ्या पहाटे का? एसआर करतोय का?

८:१० | निखिल, बी ५०३
हो रे. २०० आणि ३०० झाल्या. आता ४००.

८:१२ | सेक्रेटरी
४०० काय? मेंटेनन्स?

८:२० | निखिल, बी ५०३
किलोमीटर, सर. बीआरएम म्हणून लांब पल्ल्याच्या राइड असतात, मूळ फ्रान्सच्या. शर्यत नसते, नंबर नसतो. ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या एवढंच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. चारही एकाच सीझनमध्ये केल्या की ‘सुपर रँदोनर’ म्हणतात, तेच एसआर. सीझन नोव्हेंबर ते ऑक्टोबर. मागे कोणाची गाडी घेता येत नाही. पंक्चर झालं तर आपणच काढायचं, भूक लागली तर वाटेत मिळेल ते खायचं. पूर्वी रविवारी बाहेर लांब राइड मारायचो. आता अबीर चार वर्षांचा, ईरा अकरा महिन्यांची. म्हणून पहाटे घरातच. कोणी उठलं तर लगेच उतरता येतं.

८:२४ | ओंकार, ए ३०५
भारी! महाजन बंधू आठवा दादा. नाशिकचे डॉक्टर दोघे, प्रॅक्टिस सांभाळून २०१५ ला रॅम, म्हणजे ‘रेस अक्रॉस अमेरिका’, केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, नऊ दिवसांच्या आत. मनात असेल तर वेळ काढता येतो.

८:३० | निखिल, बी ५०३
त्यांच्यामागे अख्खा चमू होता रे. गाडी, चालक, खाणं देणारे, रस्ता सांगणारे.

८:३१ | मृणाल, बी ५०३
तुझ्यामागेही आहे. एक जणीचा.

९:४५ | सेक्रेटरी
टँकर ११ वाजता येईल. पाणी जपून वापरावे.

१:२० | मृणाल, बी ५०३
ईरा झोपलीये म्हणून आत्ता लिहिते. सकाळी मीच मेसेज टाकून डिलीट केला होता. हे घरात बोलायचं, ग्रुपवर कशाला, असं वाटलं. पण ट्रेनरचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेलाच आहे, तर बाकीचंही जाऊ दे.

निखिलच्या ॲपमध्ये राइडच्या दोन वेळा दिसतात. एक मूव्हिंग टाइम, म्हणजे चाक फिरत होतं तेवढाच वेळ. दुसरा इलॅप्स्ड टाइम, म्हणजे निघाल्यापासून परत येईपर्यंतचा सगळा. तो मला नेहमी पहिला सांगतो. ‘अगं, १०० किलोमीटर फक्त ४ तास ३५ मिनिटांत.’ आता घरचं घड्याळ बघा. सकाळी लवकर उठायचं म्हणून शनिवारी रात्री नऊला तो झोपतो, म्हणजे दोन्ही पोरांना मी झोपवायचं. पहाटे चारला गजर. गजराने ईरा उठते, तो निघून जातो. मध्ये मिसळ. अकराला परत. आंघोळ, जेवण, मग ‘थोडा पडतो’. उठतो चारला. शनिवार रात्री नऊ ते रविवार दुपारी चार, एकोणीस तास. बीआरएममध्ये म्हणे कुठेही थांबलात तरी घड्याळ थांबत नाही. आमच्या घरचंही थांबत नाही.

ट्रेनर आणल्यावर वाटलं, निदान घरात तरी असेल. पण कानात हेडफोन, समोर टॅब, घामाने निथळणारा माणूस. अबीर परवा ‘बाबा’ म्हणून तीनदा हाक मारून माझ्याकडे परत आला.

हेही लिहिते, नाहीतर अर्धंच होईल. गेल्या पावसाळ्यात दोन महिने सायकल बंद होती. तेव्हा घरातल्या फ्रीजच्या दारापासून वर्तमानपत्राच्या घडीपर्यंत सगळ्यावर चिडणारा माणूस मी पाहिला आहे. त्याने सायकल सोडावी असं मला अजिबात वाटत नाही. ४०० ला नाव नोंदवलं हे मला नोंदवल्यानंतर कळलं, राग त्याचा आहे.

आणि सेक्रेटरीसाहेब, पंपाजवळची निळी सायकल माझी. लग्नाआधी तिच्यावरून सिंहगड चढले आहे. गोळेवाडीपासून वरपर्यंत नऊ किलोमीटर, एकदाही न उतरता. निखिल तेव्हा दोनदा उतरला होता.

१:२२ | वर्षाताई, बी ६०३
दोनदा!

१:४० | डॉ. अनघा, ए ६०२
मृणाल, जेवलीस का?

१:४१ | मृणाल, बी ५०३
अजून नाही.

१:४३ | डॉ. अनघा, ए ६०२
आधी जेव.

४:०५ | ओंकार, ए ३०५
वहिनी, सकाळचं ‘मनात असेल तर’ मागे घेतो.

७:५० | निखिल, बी ५०३
ऑफिसमध्ये वाचलं. दुपारभर काय लिहावं कळत नव्हतं. दोनदा नाही, चार वेळा उतरलो होतो, दोनदा मृणाल पुढे गेलेली होती म्हणून तिला दिसलं नाही.

नोंदणीचं चुकलं. माझं गणित असं होतं की सगळे झोपेत असताना चालवली तर कोणाचं काही जात नाही. पण मी पावणेपाचला उठतो म्हणजे रात्री दहाला माझे डोळे मिटतात, आणि साडेदहाला उठणारं पोर हिच्या वाट्याला जातं, हे कधी मोजलंच नाही.

४०० चं घरी बोलतो. उद्या सकाळी काका, तुमची झोप पक्की.

८:०२ | गोखले काका, बी ४०३
माझी झोप चारलाच होते. मी आवाजाबद्दल लिहिलं होतं, झोपेबद्दल नाही. आणि सौ.ने वरचं सगळं वाचलं. दांडीवरच्या सीटबद्दल तिचं म्हणणं असं, की मोठी पुढे आणि ती मागे हे खरं, पण धाकटा तेव्हा घरी सासूबाईंकडे रडत असे, ते मी लिहिलेलं नाही. नोंद घ्यावी.

शुक्रवार

७:४० | शेखभाई, सी १०४
मृणालताई, निळी सायकल वर आणून ठेवा, रविवारच्या आत तयार करतो. ट्यूब दोन्ही नवीन लागतील, ब्रेकची रबरं कडक झालीत, केबल बदलू. पैशाचं नंतर. चेन मात्र चांगली आहे, झाकण लावलेलं असल्यामुळे वाचली.

७:४८ | निखिल, बी ५०३
शेखभाई, अबीरच्या सायकलीचं पण विचारायचं होतं. १२ इंची आहे, बाजूला छोटी चाकं. ती काढायला तयारच नाही.

८:०१ | शेखभाई, सी १०४
छोट्या चाकांवर पोर पेडल मारायला शिकतं, तोल शिकत नाही. वळताना बाहेरच्या चाकावर रेलतं. छोटी चाकं काढ आणि पेडलही काढ. सीट इतकी खाली घे की दोन्ही पाय सपाट टेकतील. पायाने ढकलत फिरू दे आठ-पंधरा दिवस. पाय उचलून घसरायला लागला की पेडल परत लाव. डावं पेडल काढताना लक्षात ठेव, त्याचे आटे उलटे असतात. नेहमीसारखा पाना फिरवलास तर आणखी घट्ट होईल, मग माझ्याकडेच आणशील.

८:१५ | मृणाल, बी ५०३
अनघाताई, ईराला मागच्या सीटवर कधी बसवता येईल? ऑनलाइन नऊ महिन्यांपासूनच्या सीट दिसतात.

८:४० | डॉ. अनघा, ए ६०२
मी वर्षाच्या आत कोणाला सांगत नाही. नुसतं बसता येणं पुरेसं नाही. खड्ड्यात आदळलं तर मान सावरता यायला हवी, आणि हेल्मेटचं वजनही त्याच मानेवर येतं. वर्ष झालं की एकदा दाखव. तेव्हाही सोसायटीच्या आत, आणि सायकल उभी असताना तिला सीटवर एकटं सोडायचं नाही. सीटवरचे निम्मे अपघात उभ्या सायकलीचे असतात असं म्हणवत नाही मला, पण माझ्याकडे आलेली दोन पोरं उभ्या सायकलीवरूनच पडलेली होती. पोटाशी बांधून तर अजिबात चालवू नका. पडलात तर तुम्ही तिच्या अंगावर.

९:१० | वर्षाताई, बी ६०३
रविवारी सकाळी सी विंगसमोर दोरी लावून सात ते नऊ पोरांसाठी बंद केलं तर? अबीर एकटा नाही, माझा नातूही आहे.

९:१२ | सेक्रेटरी
नियमात बसत नाही. कमिटीत ठेवावं लागेल.

९:१३ | वर्षाताई, बी ६०३
गणपतीत मांडव दहा दिवस तिथेच असतो.

९:३० | सी २०२
माझी गाडी साडेआठला बाहेर काढायची असते. दोरी कोण सोडणार?

९:३४ | गोखले काका, बी ४०३
मी बसतो दोरीपाशी. खुर्ची घेऊन.

९:५० | सेक्रेटरी
प्रायोगिक तत्त्वावर एक रविवार. निळ्या सायकलीवरची चिठ्ठी काढली आहे. उरल्या १०.

शनिवार

१०:२५ रात्री | मृणाल, बी ५०३
उद्या मी खडकवासल्यापर्यंत. जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर. साडेपाचला निघणार, साडेसातपर्यंत परत. ग्रुपवर अशासाठी सांगतेय, की आता मागे फिरता येणार नाही.

१०:२७ | ओंकार, ए ३०५
वहिनी, आम्ही तिघं धायरी फाट्यावर भेटतो. तुमच्या वेगाने.

१०:३१ | मृणाल, बी ५०३
माझ्या वेगाने म्हणजे तुम्हाला मधेमधे थांबावं लागेल. चालेल?

१०:३२ | ओंकार, ए ३०५
भजी लागली तर आपोआप थांबतोच.

रविवार

५:३८ | मृणाल, बी ५०३
निघाले.

६:०४ | गोखले काका, बी ४०३
निखिल, आज घरघर नाही. सगळं ठीक?

६:०५ | निखिल, बी ५०३
आज मी घरी. ट्रेनर घडी करून ठेवलाय.

६:०७ | गोखले काका, बी ४०३
मग ही ईरा का रडते आहे?

६:०९ | निखिल, बी ५०३
दूध गरम झालं जास्त. निवेपर्यंत थांबायला तयार नाही. अबीर पण उठलाय, पेडल कुठे गेलं विचारतोय.

६:१० | गोखले काका, बी ४०३
दुधाची बाटली गार पाण्याच्या पातेल्यात धर. आलोच वर. दार उघडं ठेव, बेल वाजवत नाही.