दिल्लीचं संसद म्युझियम: आठवीतल्या मुलाला नेऊ का?

मेघा_नाशिक
दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीला चाललोय, सोबत आठवीतला लेक आहे. नागरिकशास्त्रात विधेयक, ठराव, तारांकित प्रश्न सगळं पाठ करून मार्क पडतात, पण ते प्रत्यक्षात काय असतं ते त्याला दिसावं असं मला फार वाटतं. संसदेच्या लायब्ररीच्या बिल्डिंगमध्ये म्युझियम आहे ना, कुणी गेलंय का? कंटाळेल का तो?

रानवारा
मी गेलोय, अवश्य न्या. १४ ऑगस्ट २००६ ला तेव्हाचे राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते उद्घाटन झालं. नुसतं काचेच्या कपाटातलं नाहीये, दांडीयात्रेत आपणच चालतोय असं वाटायला लावणारा भाग आहे आणि १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्रीचं नेहरूंचं भाषण, समोर पुतळ्यांचं भरलेलं सभागृह, माझी पुतणी तिथून हलेचना. प्रवेशाचं आधी चौकशी करून ठेवा, सिक्युरिटी कडक असते आणि ओळखपत्र सगळ्यांचं लागेल असंच धरून चाला.

चावडीवरचा
रानवारा म्हणतात ते खरं, पण मला तिथे एक गोष्ट कमी वाटली, वाद. सभागृह म्हणजे मुळात वाद घालायची जागा ना. राज्यघटनेच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे सगळं शब्दन्शब्द आज वाचता येतं कारण संविधान सभेत लघुलेखक बसून लिहून घेत होते. जुन्या खुर्च्या जपणं सोपं, पण हे कागद म्हणजे खरा ठेवा आहे.

मेघाताई, जायच्या आधी लेकाला गोखल्यांची गोष्ट सांगा. १९११ च्या मार्चमध्ये नामदार गोखल्यांनी तेव्हाच्या कौन्सिलात, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या कायदेमंडळात, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी ते पडलं. पडणार हे त्यांना पक्कं माहीत होतं तरी ते पूर्ण तयारीनिशी बोलले. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा शेवटी २००९ ला झाला. पडलेल्या विधेयकांचं एक वेगळं दालन असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सुलभा_महाड
ह्याच्यात आमच्या गावाचं पण घाला. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादुर बोल्यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनेही तो मान्य केला आणि तरी चवदार तळ्याचं पाणी मिळेना, म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले. माझ्या वर्गातल्या पोरांना मी आधी ठराव वाचून दाखवते आणि मग तळ्यावर नेते, ठराव कागदावर असणं आणि ओंजळीत पाणी येणं ह्यात किती अंतर असतं ते तिथे उभं राहिल्यावर बरोब्बर कळतं.

मेघा_नाशिक
सुलभाताई, चावडीवरचे, खूप आभार, ३८ विरुद्ध १३ ऐकून लेकाने लगेच विचारलं की ते १३ जण कोण होते. आता ती यादी शोधायला बसलोय दोघं. आणि परत आलो की महाड नक्की.