सरासरी 4 म्हणजे नक्की काय?

गेममध्ये पैसे घालणाऱ्या खेळाडूंना 'पुन्हा खरेदी करीन' या विधानाशी किती सहमत ते 1 (अजिबात नाही) ते 5 (पूर्ण) असं विचारलं आणि सरासरी 4 आली, म्हणजे गिऱ्हाईक पक्कं, असा निष्कर्ष काढला जातो; तो मला घाईचा वाटतो. सगळ्यांनी 4 वर खूण केली तरी सरासरी 4, आणि निम्म्यांनी 5 व निम्म्यांनी 3 दिले तरी 4च. धंद्याच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक. आधी कोणी किती दिले ते मांडा, सरासरीचं मग बघू.

शिवाय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्टने 1932 मध्ये सहमती अशी अंकांत मोजायची ही पद्धत मांडली तेव्हा एकाच वृत्तीबद्दलची अनेक विधानं आणि त्यांची बेरीज, असा हिशोब होता. एका सुट्या प्रश्नावर एवढा भार टाकू नये. दोनचार विधानं उलट्या अर्थाची घाला ('गेममध्ये घातलेले पैसे वाया गेले' वगैरे), म्हणजे न वाचता 'सहमत'वर टिचक्या मारत सुटणारे लगेच सापडतात.

पण खरी गोम 'पुन्हा खरेदी' म्हणजे काय यात आहे. फोर्टनाइट या गेमचा बॅटल पास (एका हंगामात खेळून बक्षिसं मिळवायचा पास) बरीच वर्षं 950 व्ही-बक्सला (हे गेममधलं चलन) होता, आणि तो पूर्ण खेळला की त्याहून जास्त व्ही-बक्स परत मिळायचे. म्हणजे पुढचा पास खिशाला हात न लावता! असा खेळाडू 'हो, पुन्हा घेईन' असं छातीठोकपणे सांगणारच. याला निष्ठा म्हणायचं का?

जमलं तर त्याच लोकांच्या पुढच्या तीन महिन्यांच्या व्यवहारांशी उत्तरं ताडून बघा. आणि गेम सोडून गेलेल्यांनाही विचारा, ते तुमच्या यादीत दिसत नाहीत.