पुण्याच्या शाळेचा पट

विषय: शाळेला मदत – स्मार्ट बोर्ड
प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,
आपल्या अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमातून थोडी रक्कम उरली आहे. पुण्यातल्या ज्या मराठी शाळेत आपल्यापैकी तिघं शिकले, तिला दोन स्मार्ट बोर्ड द्यावेत असं कार्यकारिणीत चाललंय. पट घसरतोय, बोर्ड आले तर पालक वळतील, असा विचार. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

---

विषय: उत्तर – शाळेला मदत

हरकत नाही, प्रश्न आहे. आमची लेक यंदा नववीत, म्हणजे इथल्या हायस्कूलात जाईल. शाळा सरकारी आणि लहानशी आहे. तरी मुलं किती, कुठल्या वंशाची किती, मोफत किंवा सवलतीचं जेवण घेणारी किती, एका शिक्षकामागे किती, हे सगळं घरबसल्या वाचायला मिळालं. पुण्याच्या शाळेबद्दल असं काही कळतं का? बोर्डासमोर बसणार कोण, ते तरी समजेल.

---

विषय: उत्तर: उत्तर – शाळेला मदत
प्रेषक: पुण्याचे काका

चिरंजीवांनी मला या ई-मेलच्या यादीत घातलंय, म्हणून आगाऊपणा करतो. त्याच शाळेत मी गणित शिकवलं. निवृत्त झालो तरी आठवड्यातून दोनदा जातो.

ताई, तसं पान आपल्याकडेही आहे. प्रत्येक शाळेला यू-डायसचा, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीचा, अकरा आकडी क्रमांक असतो. मुलगे-मुली, अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक असे रकाने भरले जातात. रकान्यात न मावणारं मी सांगतो.

तुमच्या वेळी वर्गात पेठेतली मुलं असायची. वाडे पडले, इमारती उठल्या, ती कुटुंबं कोथरूडला नाहीतर सिंहगड रोडला गेली. आता मुलं येतात ती दांडेकर पूल, जनता वसाहत या झोपडवस्त्यांतून, आणि त्याच नव्या इमारतींच्या वॉचमनच्या खोल्यांतून. घरी कुणी कन्नड बोलतं, कुणी लमाणी, कुणी नेपाळी. गेल्या वर्षी निबंधात पहिली आलेली मुलगी नेपाळी होती. तिचं मराठी माझ्या नातवापेक्षा चांगलं आहे, हे नातवासमोर बोलायची सोय नाही.

मुली जास्त दिसतात, यात हुरळण्यासारखं काही नाही. एकाच घरातला मुलगा फी भरून इंग्रजी माध्यमात जातो आणि बहीण आमच्याकडे येते. सेमी इंग्रजी सुरू केलं तेव्हा थोडे मुलगे परत आले, पण तेवढेच.

खरी गोम आठवीनंतर आहे. शिक्षणहक्काचा कायदा ६ ते १४ वयाचा. खासगी शाळेतली २५ टक्क्यांतली मोफत जागा आठवीपर्यंत, बालभारतीची फुकट पुस्तकं आठवीपर्यंत, शाळेतली खिचडीसुद्धा आठवीपर्यंतच. नववीच्या जूनमध्ये हे सगळं एका दिवसात थांबतं. मोफत जागेवर इंग्रजीत शिकलेलं पोर तेव्हा फी परवडत नाही म्हणून आमच्याकडे येतं. आठ वर्षं इंग्रजीत शिकलेल्याला 'समद्विभुज' म्हणजे काय ते सांगण्यात माझे दोन दिवस जातात. आणि आमचीच काही मुलं नववीत दिसेनाशी होतात. मुलगे गॅरेजमध्ये, मुली धाकट्या भावंडांपाशी घरी. पुढे कुणी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतं, पण फार थोडी.

यावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते सरकारने ठरवणं. ३० सप्टेंबरला पटावर जितकी मुलं, त्या प्रमाणात शिक्षक. त्यातही आधार जुळलेलीच धरतात. शाळेत नाव 'लक्ष्मी' आणि आधारवर 'लक्षुमी' असेल, तर ती समोर बसलेली असूनही मोजणीत नाही. बांधकाम संपलं की बाप दुसऱ्या साइटवर जातो, आणि दिवाळीनंतर आलेलं पोर त्या वर्षी कुणाच्याच हिशोबात नसतं. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तर नववी-दहावीत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षक शून्य, असं लिहून टाकलं. २०११ च्या पटपडताळणीत बोगस नावं सापडली होती हे खरं, ती आमच्याच धंद्यातल्या लोकांची करणी. पण त्याची भरपाई ही मुलं करताहेत.

तेव्हा बोर्ड नको. एक आहे, त्याच्यावर कापड टाकलेलं असतं.

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर – शाळेला मदत

काका, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. पेठेतली मराठी माणसं स्वतःची मुलं इंग्रजीत घालणार आणि मराठी शाळा आपण सातासमुद्रापारहून जगवायची, हे कुणासाठी?

---

प्रेषक: पुण्याचे काका

राग कसला. तुझी मुलं कुठल्या माध्यमात आहेत ते मी विचारत नाही, तू पेठेतल्यांना विचारू नकोस. शाळा त्यांच्यासाठी राहिलेलीच नाही. जी येतात त्यांच्यासाठी आहे.

---

प्रेषक: खजिनदार

भावना पोचल्या, आता माझं रडगाणं. मंडळ परदेशात नोंदलेलं, म्हणजे आपला पैसा 'विदेशी अंशदान'. शाळेच्या संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असेल तरच तो घेता येतो, आणि तोही आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच. ओसीआय कार्डवाले, म्हणजे मूळचे भारतीय, वैयक्तिक दान करतील तरी तोच नियम, कारण नागरिकत्व परदेशी. मात्र भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलं, तर ते विदेशी धरत नाहीत. अजून भारतीय पासपोर्ट असलेले किती जण आहात? मला वेगळं लिहा, यादीवर नको.

---

प्रेषक: सचिव

बोर्डाचा ठराव मागे घेतो. काका, नेमकं काय द्यायचं ते सांगा.

---

प्रेषक: पुण्याचे काका

नववी-दहावीच्या मुलांना दुपारचं जेवण आणि पुस्तकांचा संच. शाळेच्या कोपऱ्यावर पोळीभाजी केंद्र आहे, त्या बाईंची मुलगी आमच्याच दहावीत आहे. आज संध्याकाळी डब्याचा भाव विचारून येतो. आधारची दुरुस्ती मी करून आणीन, त्याला पैशांपेक्षा रांगेत उभं राहणारा माणूस लागतो. १५ जूनच्या आत काय ते ठरवा. आणि कोनशिला, फोटो वगैरे काही नको, डब्यावर मंडळाचं नाव तर मुळीच नको. नववीतल्या पोरांना लाज वाटते.