जेनिस्टीन आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी : निष्कर्ष परस्परविरोधी का?

प्रश्न
माझ्या मोठ्या बहिणीचा स्तनाचा कर्करोग इस्ट्रोजेन-रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे पेशींत इस्ट्रोजेन या संप्रेरकाला पकडणारे रिसेप्टर असलेला) असल्यामुळे शस्त्रक्रियेनंतर तिला इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारे टॅमॉक्सिफेन हे औषध सुरू आहे. सोयाबीनमधील जेनिस्टीन कर्करोगाच्या पेशी मारते असे एका लेखात वाचले, तर तेच द्रव्य त्यांना वाढवते असे दुसऱ्यात. प्रयोग दोन्हीकडे एमसीएफ-७ या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरच झालेले आहेत. तिने सोया दूध बंद करावे का?

प्रतिसाद १
दोन्ही लेख खरे असू शकतात, कारण फरक मात्रेचा आहे. जेनिस्टीनची रचना इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असल्याने ते त्याच्या रिसेप्टरांना चिकटते; त्यांच्या अल्फा आणि बीटा या दोन प्रकारांपैकी बीटाला अधिक घट्ट. एमसीएफ-७ पेशींत वाढीला चालना देणारे अल्फा रिसेप्टर भरपूर असतात. म्हणून द्रावणात जेनिस्टीन १ मायक्रोमोलरच्या (द्रावणातील प्रमाणाचे एकक) आसपास असताना या पेशी वाढतात, आणि १० मायक्रोमोलरच्या बरेच पुढे गेल्यावर, वाढीचा संदेश पुढे नेणारी टायरोसिन कायनेज ही विकरे रोखली जाऊन त्यांची वाढ खुंटते. अल्फा रिसेप्टर नसलेल्या एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या पेशींत वाढीचा हा टप्पा दिसत नाही. मात्र आहारातून रक्तात एवढी मोठी मात्रा पोहोचत नाही, आणि जे पोहोचते त्याचा बहुतांश भाग यकृत व आतड्यांनी निष्क्रिय रूपात बांधलेला असतो. त्यामुळे ‘सोया कर्करोग मारतो’ हा दावा मला मान्य नाही.

प्रतिसाद २
परंतु मग काळजी वाढते. अंडाशय काढलेल्या उंदरांत एमसीएफ-७ च्या गाठी जेनिस्टीनने वाढल्या, शिवाय टॅमॉक्सिफेनचा परिणामही कमी झाला.

प्रतिसाद ३
ते प्रयोग गांभीर्यानेच घ्यावेत, पण त्या उंदरांची प्रतिकारशक्ती दुबळी असते आणि त्यांच्या रक्तात मुक्त जेनिस्टीन माणसापेक्षा पुष्कळ अधिक उरते. शांघायमधील ५,०४२ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अधिक सोया खाणाऱ्यांमध्ये रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांतही. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने सोयामुळेच फायदा झाला असे त्यावरून म्हणता येत नाही, पण आहारातील सोयाने अपाय झाल्याची खूण त्यात नाही. सोया दूध बंद करण्याचे कारण मला दिसत नाही. आयसोफ्लेव्होनच्या (जेनिस्टीन ज्या गटात मोडते त्या सोयातील द्रव्यांच्या) गोळ्यांची गोष्ट वेगळी, कारण त्यांतील मात्रा आहारापेक्षा खूप वाढू शकते. त्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. अंगातून गरम वाफा येतात म्हणून ताईने अशाच गोळ्या स्वतःहून सुरू केल्या आहेत, हे मी आधी लिहायला हवे होते. त्या आजच थांबवायला सांगते आणि पुढच्या भेटीत बाटली डॉक्टरांना दाखवते.