कुनोबेलिनचं सोन्याचं नाणं: सोनार म्हणतो खोटं, घ्यावं का?

पार्लेकर_७१:
फोर्टात एका व्यापाऱ्याकडे प्राचीन ब्रिटनमधल्या कुनोबेलिन राजाचं नाणं पाहिलं. पुढे कणीस, त्याच्या दोन्ही बाजूंना सी-ए आणि एम-व्ही. मागे घोडा. वजन ५.४ ग्रॅम, रंग लालसर. व्यापाऱ्याला घेऊन झवेरी बाजारात ओळखीच्या सोनाराकडे मशीनवर लावून पाहिलं, तर सोनं निम्म्याहून कमी! तो म्हणाला, नाद सोडा. मी शिवराई-होनवाला माणूस, यातलं मला काही कळत नाही.

नाना_गिरगाव:
सोनाराचं मशीन बरोबर, निकाल चूक. या राजाच्या नाण्यांत सोनं कमीच, तांबं भरपूर. म्हणून तर लाली. २२ कॅरेटचं निघालं असतं तर मीच ओरडलो असतो. वजनही जुळतं. ती अक्षरं म्हणजे कॅमुलोडुनम या शहराच्या नावाची सुरुवात (व्ही म्हणजे यू), आजचं इंग्लंडमधलं कोलचेस्टर. काळ साधारण इ.स. १० ते ४०, म्हणजे रोमनांनी इ.स. ४३ मध्ये स्वारी केली त्याच्या जरा आधीचा. आणि तो घोडा! मॅसिडोनचा राजा फिलिप, म्हणजे सिकंदराचा बाप, त्याच्या नाण्यावर दोन घोड्यांचा रथ होता. नकलेची नक्कल होत तो गॉलमार्गे (आजचं फ्रान्स) ब्रिटनला पोचेपर्यंत रथ विरघळला, घोडा उरला. मला मूळ रथापेक्षा हाच आवडतो.

भिंगातून कड बघा. ओतीव नकलेला शिवण किंवा बारीक बुडबुडे दिसतात. अस्सल नाणं ठशानं पाडलेलं, वाटीसारखं किंचित खोलगट. त्या काळातही तांब्यावर सोन्याचा मुलामा देऊन लोकांना फसवायचे, अशी नाणी वजनाला हलकी भरतात.

शरयू_ठाणे:
नाना, कागदांचं सांगा ना त्यांना.

नाना_गिरगाव:
तेच मुख्य. ब्रिटनच्या जमिनीत सापडलेलं असं नाणं तिथून बाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो. तो मागा, नाहीतर जुन्या लिलावाची पावती. शिवाय आपल्या १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. उद्या लंडनला विकीन म्हणाल तर विसरा. इथे गिऱ्हाईक किती, तुम्हीच बघा.

पार्लेकर_७१:
कागद विचारले. म्हणाला, "साहेब, घरचंच आहे, आजोबांच्या वेळचं."

नाना_गिरगाव:
मग पैसे देऊ नका. फोटो मात्र मागून इथे टाका, घोड्याच्या पाठीवर डहाळी आहे का पाहायचंय.