मदत हवी आहे: ओएचपी शीटवर न पुसणारी शाई (आणि घरची थोडी हालहवाल)

बर्डीची_आत्या:

मंडळी, नमस्कार. दिवाळीनंतर इकडे फिरकलेच नाही. त्याचं कारण आधी सांगते, म्हणजे प्रश्न असा का आहे ते कळेल. घाईत असाल तर सरळ शेवटचे दोन परिच्छेद वाचा.

नोव्हेंबरात बाबांना अर्धांगाचा झटका आला. वेळेत दवाखान्यात नेलं. बोलणं आठवड्याभरात परत आलं, पाय हळूहळू चालता झाला, उजवा हात मात्र रुसून बसला. डिसेंबरात धाकट्या भावाला मुलगी झाली. भावजय अमरावतीला माहेरी आहे, ती आली की बारसं. एप्रिलचा तिसरा आठवडा ठरलाय, म्हणजे नागपूरच्या ऐन उन्हात, पण भावाला सुट्टी तेव्हाच मिळते. लेकीची बारावी संपली, ती दिवसभर कूलरसमोर लोळून राहिली आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं आणि आता तिला घरातली सगळी धूळ दिसायला लागली, हा एक नवाच ताप.

तर बाबा. व्यायाम करून घेणाऱ्या ताई म्हणाल्या, चेंडू दाबून कंटाळतील, हाताला त्यांच्या ओळखीचं काहीतरी काम द्या. बाबांची उभी नोकरी पोस्टात गेली, त्यातली बरीच वर्षं सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत. तारखेचा शिक्का मारतानाचा त्यांचा तो ठप-ठप, ठप-ठप ताल आम्ही लहानपणी डबा द्यायला गेलो की ऐकायचो. मी कागदकाम करते हे जुन्या लोकांना माहीतच आहे. माझ्या खोक्यातला एक मोराचा ठसा त्यांच्या हातात दिला. मूठ नीट वळत नव्हती, म्हणून ठशाच्या दांड्यावर कूलरच्या पाइपचा तुकडा चढवून तो जाड केला. पहिल्या दिवशी अकरा मोर उठले, त्यातले सात बिनशेपटीचे. आता बसल्या बैठकीला साठ-सत्तर होतात.

म्हणून ठरवलं, बारशाची पत्रिका घरीच करायची आणि ठसे बाबांनी मारायचे. पत्रिका हातकागदाची, मध्ये गोल खिडकी कापलेली, खिडकीला आतून ओएचपी शीट (प्रोजेक्टरवर वापरतात ती पारदर्शक प्लास्टिकची) आणि त्या शीटवर पाळण्याचा ठसा. पाळणा रिकामा, कारण नाव अजून कुणाला सांगायचं नाही, ते मी आत्या म्हणून कानात कुर्र केल्यावरच. त्या दिवशी परतीच्या संत्रा बर्फीच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर बाबा सगळ्यांसमोर नावाचा ठसा मारणार. सध्या ते नाव फक्त भावाला, भावजयीला, मला आणि बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या बाजारातल्या) रबर स्टँपवाल्याला माहीत आहे. आईला नाही. यावरून घरात काय चाललंय ते विचारू नका.

आता अडचण. आमच्याकडे कचेरीत वापरतात ती साधी स्टँप पॅडची निळी शाई होती. ओएचपी शीटवर ती दोन दिवस झाले तरी वाळली नाही, बोट लावलं की पाळण्याचा ढग. हातकागदावर उलट, इतकी फुटते की पाळण्याच्या दोऱ्या दोरखंड होतात. लेकीने वरून पाण्याचे रंग भरले तर सगळं जांभळं. बाबांनी ते पत्र उचललं, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "काऊन वं, हे तर पुसून राहिलं! पुसला जाते तो काय शिक्का झाला?" आणि ठसा खाली ठेवला. तीन दिवस हात लावला नाही.

ऑनलाइन पाहिलं तर 'पर्मनंट' लिहिलेल्या पॅडचे दहा प्रकार आणि किमती अशा की चुकीचं घेतलं तर रडू येईल. कुठली शाई शीटवर टिकेल, कुठली हातकागदावर, आणि बाबांच्या हाताला, आईच्या खोकल्याला कुठली चालेल? पत्रिका साधारण सत्तर आहेत, चिठ्ठ्या नव्वद. हातात अडीच आठवडे.

कागदवेडी:

आधी काकांना नमस्कार सांगा. माझ्या वडिलांनाही असाच झटका आला होता, पण आम्ही चेंडूच्या पुढे गेलो नाही. हे सुचायला हवं होतं.

ताई, सगळा गोंधळ 'पर्मनंट' या एका शब्दाने केलाय. शाई वाळते कशी ते पाहा. तुमची कचेरीची शाई म्हणजे पाण्यात आणि ग्लिसरीनसारख्या द्रवात विरघळलेला रंग. ती कागदात मुरते म्हणून वाळल्यासारखी वाटते. पॅड महिनोन्महिने ओलं राहावं म्हणूनच तिच्यात ते द्रव असतात. ओएचपी शीटला मुरायला जागाच नाही, मग ती जाणार कुठे? तिथेच बसून राहते. दोन दिवस काय, दोन महिने ठेवलीत तरी बोटाला लागेल.

शीटसाठी सॉल्व्हंटची शाई लागते. त्सुकिनेको या जपानी कंपनीची स्टॅझऑन ही त्यातली सगळ्यांच्या ओळखीची. तिच्यातला सॉल्व्हंट, म्हणजे रंग विरघळवणारा द्रव, हवेत उडून जातो आणि रंग पृष्ठभागाला धरून बसतो. काच, पत्रा, प्लास्टिक सगळ्यावर चालते, तीन ते पाच मिनिटांत वाळते. वास मात्र येतो, आणि तो द्रव पेट घेणारा आहे. खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातल्या दिव्याजवळ आणि गॅसजवळ बसू नका, आईंना त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवा.

हातकागदावर ही वापरू नका, महागाची शाई वाया. तिथे तेलाधारित पिगमेंटची, म्हणजे व्हर्साफाइनसारखी, घ्या. पिगमेंटचे कण कागदाच्या वर बसतात, त्यामुळे रेषा फुटत नाही, दोरीची दोरीच राहते. वाळायला वेळ घेते, रात्रभर पसरून ठेवा. पण कूलरसमोर नको! कूलरची हवा ओली असते, हातकागद पापडासारखा वळतो. पंख्याखाली ठेवा.

वर्धेकर:

स्वस्तातला उपाय: इंकजेट प्रिंटरसाठी मिळते ती ओएचपी शीट घ्या. तिची एक बाजू किंचित खरखरीत असते, तिच्यावर पाण्याची शाई शोषणारा थर दिलेला असतो. त्या बाजूवर तुमची साधी शाईसुद्धा धरेल. लेझर किंवा झेरॉक्ससाठीच्या गुळगुळीत शीटवर ते होणार नाही.

कागदवेडी:

@वर्धेकर, धरेल खरी, पण पाण्याचा थेंब पडला की गेली. आणि एप्रिलमध्ये घामेजलेल्या हातांनी सत्तर पत्रिका हाताळल्या जाणार आहेत.

धोबीघाट:

आमची आजी म्हणायची कायमची शाई एकच, बिब्ब्याची. धोबी कपड्याला खूण करायचे ती. बिब्ब्याचा रस आणि चुना. कपडा फाटेल पण खूण जाणार नाही.

(करू नका हो! रस अंगाला लागला की उततो, फोड येतात. लहान बाळाच्या घरात तर नकोच. आठवण आली म्हणून लिहिलं.)

रामदासपेठी:

दोन गोष्टी जोडतो. मी स्क्रीन प्रिंटिंगवाला आहे, शाईत आयुष्य गेलं.

एक, तुमचे ठसे कशाचे आहेत? बर्डीवर केलेला लाल रबराचा असेल तर सॉल्व्हंटची शाई चालेल. पण ऑनलाइन येतात ते काचेसारखे पारदर्शक, ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवायचे, ते जपा. या शाईने त्यांच्यावर डाग पडतात, आणि पुसायला थिनर वापरलात तर ठसाच चिकट होऊन वाकडा होईल. त्या शाईचं स्वतःचं क्लीनर मिळतं, तेच घ्या आणि ठसा वाळायच्या आत पुसा. पॅडला आतलं एक झाकण असतं, लोक ते फेकून देतात. फेकू नका. आपल्याकडच्या उन्हात उघडं राहिलेलं पॅड दुपारपर्यंत कोरडं होईल.

दोन, पाण्यात न पसरणं आणि उन्हात न उडणं या वेगळ्या गोष्टी. डब्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलंय म्हणजे रंग दहा वर्षं टिकेल असं नाही. डाय (विरघळलेला रंग) लवकर उडतो, पिगमेंट (न विरघळणारे रंगाचे कण) जास्त टिकतं. बाळाने मोठेपणी पाहावं असं वाटत असेल तर एक पत्रिका पिगमेंटची करून अंधारात ठेवा.

आणि पाण्याचे रंग भरणार असाल तर वाळलेल्या स्टॅझऑनवर किंवा रेंजर कंपनीच्या अर्कायव्हल शाईवर भरा, काळी रेघ हलणार नाही. लेकीकडे अल्कोहोलचे मार्कर असतील तर मात्र हिशोब उलटा: सॉल्व्हंटची रेघ अल्कोहोलने सुटते. तिथे मेमेंटोसारखी डाय शाई लागते. पोरांना हे आधी सांगा, नाहीतर सत्तर पाळणे काळे होतील.

बर्डीची_आत्या:

सगळ्यांचे आभार. @रामदासपेठी, लेकीकडे मार्करच आहेत! वाचवलंत. आता ती पाण्याचेच रंग वापरणार.

काळ्या स्टॅझऑनचं एक पॅड, तिचं क्लीनर आणि व्हर्साफाइनचं एक पॅड मागवलं. पाच दिवसांत आलं. पहिला प्रयोग काल केला, गच्चीवर, सकाळी साडेसहाला, कारण नंतर तिथे पाय ठेववत नाही. वास आहे, पण मोकळ्यावर जाणवत नाही.

शीटवरचा पाळणा पाच मिनिटांत वाळला. बाबांनी अंगठा फिरवला. मग ओला रुमाल फिरवला. मग नखाने खरवडून पाहिलं. नखाने थोडा निघाला, पण एकूण पास झाला. आणि मग, सहा महिन्यांत पहिल्यांदा, त्यांनी गोष्ट सांगितली. सलग, न अडखळता. पहिलं तिकीट, पेनी ब्लॅक, 1840 साली इंग्लंडात निघालं तेव्हा ते काळं होतं आणि त्यावरचा शिक्का लाल. लोक तो लाल शिक्का पुसून तेच तिकीट पुन्हा वापरत. म्हणून 1841 मध्ये तिकीट लाल केलं आणि शिक्का काळा. "शाई चुकली म्हणून आख्खं तिकीट बदलावं लागलं त्याइले," म्हणाले. लेक म्हणाली, आजोबा, हे तुम्ही मला याआधी कधीच सांगितलं नाही. ते म्हणाले, तू कधी पत्र लिहिलं काय?

त्यांनी आणखी एक केलं. मी चकचकीत सोनेरी लिफाफे आणले होते, ते नापास. कारण तेच: गुळगुळीत कागदावर पोस्टाचा शिक्का फासतो, तारीख वाचता येत नाही. आता साधे खाकी लिफाफे आणलेत. बरोबरच आहे, पण शंभर सोनेरी लिफाफ्यांचं काय करू?

बोटांना शाई लागते. आई म्हणे, "मतदान करून आले काय?" बाबांच्या निवडणुकीच्या ड्यूट्या आठवून दोघंही हसले. क्लीनर त्यांच्या कातडीला नको म्हणून खोबरेल तेल चोळून मग साबण लावते. तेलाच्या शाईला ते छान चालतं, स्टॅझऑनला निम्मं.

नवी अडचण: शीटवर ठसा घसरतो. बाबांचा हात खाली आला की थोडा सरकतो, पाळण्याला दोन दोन दांड्या दिसतात. कागदावर हे होत नाही. काही युक्ती?

कागदवेडी:

शीटखाली जुना माऊस पॅड ठेवा, ठसा सगळीकडून सारखा टेकेल आणि कमी दाबावं लागेल. शीट टेबलाला मास्किंग टेपने चिकटवा. आणि जाड पुठ्ठ्याचा काटकोन कापून टेबलाला चिकटवून टाका, ठशाचा कोपरा त्याला टेकवायचा आणि सरळ खाली. वर घेतानाही सरळ, वळवून नाही. काकांना काटकोन त्यांच्या डाव्या हाताने धरू दे, उजवा हात फक्त खाली-वर.

रामदासपेठी:

आणि ठसा शीटच्या आतल्या बाजूवर मारा, जी खिडकीत मागे राहते ती. पाळणा डावा काय, उजवा काय, उलटा दिसला तरी पाळणाच. समोरच्या बाजूला कुणाचं बोट शाईला लागणारच नाही, नखाचाही प्रश्न मिटला. नावाचा ठसा मात्र असा मारू नका हं, आरशात वाचावं लागेल!

बर्डीची_आत्या:

काटकोन जमला! तीन दिवसांत बहात्तर पाळणे, त्यातले नऊ वाया. आतल्या बाजूची कल्पना बाबांना इतकी पटली की त्यांनी @रामदासपेठी यांना तर्रीपोह्यांचं निमंत्रण दिलंय. खरंच या.

पत्रिका आज टाकल्या. मी म्हटलं, पेटीत टाकू. बाबा म्हणाले नाही, खिडकीवर देऊ. रिक्षाने जीपीओत गेलो. खिडकीवरच्या पोराला त्यांनी विचारलं, पॅड ओलं आहे ना? त्याने मारून दाखवला. बाबांनी लिफाफा उजेडात धरला, तारीख वाचली आणि मान हलवली.

आता फक्त चिठ्ठ्या उरल्या, नव्वद, आणि त्या बारशाच्या दिवशीच मारायच्या. कागद जाड पांढरा, लेप नसलेला आहे. बर्फीचे तुपाचे हात लागणार. व्हर्साफाइन तेवढ्या वेळात वाळणार नाही, स्टॅझऑनचा वास पाहुण्यांत नको. अर्कायव्हल त्यावर किती वेळात वाळते, कुणी वापरून पाहिलंय का? गुरुवारपर्यंत मागवावी लागेल.

कागदवेडी:

अशा कागदावर माझ्याकडे एक-दोन मिनिटांत हाताला लागेनाशी झाली. वास अगदी थोडा. पण आधी तुमच्याच चिठ्ठीवर दहा ठसे मारून तुपाचं बोट फिरवून पाहा. मोराच्या ठशाने पाहा हं, नावाच्या नको. आई बघतील.